शाळेला जाब कोण विचारतं? टेक्ससमधल्या स्कूल बोर्डाची गोष्ट

टेक्ससमध्ये घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांच्या गप्पांत केटी, शुगरलँड, फ्रिस्को, प्लेनो ही नावं निघाली की पाठोपाठ तीन अक्षरं येतातच: आयएसडी. ‘घर जुनं आहे, पण आयएसडी चांगलं आहे.’ पुण्या-ठाण्यातल्या आजीआजोबांनाही आता ही अक्षरं पाठ झाली आहेत. पण हे आयएसडी चांगलं ठेवतं कोण, आणि ते घसरायला लागलं तर विचारणार कोण, हे तिथे दहा वर्षं राहिलेल्यांनाही नीट सांगता येत नाही.

आयएसडी म्हणजे इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट. यातला डिस्ट्रिक्ट आपल्या सोलापूर-साताऱ्यासारखा जिल्हा नव्हे. तो फक्त शाळांपुरता आखलेला प्रदेश आहे. त्याच्या सीमा शहराच्या सीमांशी जुळतातच असं नाही, महापौराची त्याच्यावर सत्ता नसते, आणि त्याला स्वतःचा कर लावता येतो. टेक्ससमध्ये असे हजाराहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत, अख्ख्या अमेरिकेत सुमारे १३ हजार. (हवाई हा अपवाद, तिथे सगळ्या राज्याचा मिळून एकच.) प्रत्येक आयएसडीच्या डोक्यावर एक निवडून आलेलं मंडळ बसलेलं असतं, त्याला स्कूल बोर्ड म्हणतात. दहावी-बारावीची परीक्षा घेणाऱ्या आपल्या बोर्डाशी याचा काही संबंध नाही.

बहुतेक बोर्डांत सात सदस्य असतात, ह्यूस्टनमध्ये नऊ. त्यांना ट्रस्टी म्हणतात. टेक्ससच्या कायद्यानुसार या कामाचा पगार मिळत नाही. शिक्षणातली पदवी असायला हवी अशीही अट नाही. निवृत्त शिक्षिका, वकील, घरं विकणारा एजंट, चर्चमधला पाद्री, असे लोक निवडून येतात आणि दिवसाची नोकरी संपवून संध्याकाळी बैठकीला बसतात. ह्यूस्टनसारख्या ठिकाणी या माणसांच्या हातात वर्षाला दोन अब्ज डॉलरहून मोठा अर्थसंकल्प असतो.

मग हे लोक शाळा चालवतात का? नाही. हाउसिंग सोसायटीची कमिटी जशी पगारी मॅनेजर ठेवते आणि त्याच्याकडून हिशेब मागते, पण स्वतः टाकी धुवायला गच्चीवर चढत नाही, तसं हे नातं आहे. बोर्ड एक सुपरिंटेंडंट नेमतं. शाळा तो चालवतो. त्याला नेमणं, दरवर्षी त्याचं मूल्यमापन करणं आणि वेळ आलीच तर त्याला घरी पाठवणं, हा बोर्डाचा सगळ्यात मोठा अधिकार. त्याखेरीज अर्थसंकल्प मंजूर करणं, कराचा दर ठरवणं, धोरणं आखणं, मोठे ठेके मंजूर करणं आणि मुलांच्या प्रगतीची उद्दिष्टं ठरवणं ही कामं असतात.

हे सगळे अधिकार मंडळाला मंडळ म्हणून आहेत. एकट्या सदस्याला काहीच अधिकार नसतो. आपल्याकडे नगरसेवकाला फोन लावून काम करून घ्यायची सवय असते. तिथे ट्रस्टीला फोन करून ‘माझ्या मुलीचा वर्ग बदला’ म्हटलं, तर तो फार तर शाळेचा नंबर देईल. एखादा ट्रस्टी थेट मुख्याध्यापकाला हुकूम सोडू लागला तर तो मर्यादा ओलांडतोय असंच धरलं जातं. निर्णय घ्यायचा तो बैठकीत, सर्वांसमोर, मतदानाने.

आता खरी अडचण. बोर्डाने सुपरिंटेंडंटवर लक्ष ठेवायचं, पण शाळांची बहुतेक सगळी माहिती बोर्डापुढे येते ती त्याच सुपरिंटेंडंटच्या कचेरीतून. आलेख तेच काढतात, स्लाइड तेच बनवतात, कुठला आकडा ठळक करायचा तेही तेच ठरवतात. समोर बसलेत सात-नऊ हौशी लोक, त्यांना बैठकीआधी काही दिवस शेकडो पानांचा गठ्ठा मिळालेला. स्कूल बोर्डाचं सगळं यशापयश या एका पेचात आहे असं माझं मत आहे.

परीक्षेच्या निकालांचंच घ्या. टेक्ससमध्ये तिसरी ते आठवीच्या मुलांना आणि हायस्कूलमधल्या काही विषयांना ‘स्टार’ नावाची राज्याची परीक्षा असते. निकाल चार पातळ्यांत लागतो. सगळ्यात खाली ‘डिड नॉट मीट’, त्यावर ‘अप्रोचेस’, मग ‘मीट्स’, आणि सर्वात वर ‘मास्टर्स’. अप्रोचेस मिळालं की मूल उत्तीर्ण. पण राज्याच्याच व्याख्येप्रमाणे अशा मुलाला पुढच्या इयत्तेत टिकायला जादा मदत लागण्याची शक्यता असते. आपल्या इयत्तेचं खरोखर येतं असं ज्याच्याबद्दल म्हणता येईल, ते मूल मीट्समध्ये असतं.

समजा एका डिस्ट्रिक्टमध्ये तिसरीच्या वाचनात ७४ टक्के मुलं अप्रोचेस किंवा त्याच्या वर आहेत, आणि ४३ टक्के मीट्स किंवा त्याच्या वर. (आकडे माझे, समजावण्यापुरते.) ‘आपली तीन चतुर्थांश मुलं उत्तीर्ण’ अशी स्लाइड दाखवली तर ती खोटी नाही. ‘निम्म्याहून जास्त मुलांना इयत्तेचं वाचन जमत नाही’ अशी दाखवली तर तीही खोटी नाही. पहिल्या स्लाइडवर टाळ्या पडतात. दुसरी मागणारा एक तरी ट्रस्टी त्या टेबलाशी असावा लागतो.

असला ट्रस्टी आणखीही प्रश्न विचारतो. याच मुलांचे मागच्या वर्षीचे गुण काय होते? मागच्या वर्षीची तिसरी आणि यंदाची तिसरी यांची तुलना म्हणजे वेगळ्याच मुलांची तुलना, तेव्हा तीच मुलं तिसरीतून चौथीत जाताना पुढे सरकली का ते दाखवा. सरासरीच्या आड कोण दडलंय? घरी स्पॅनिश बोलणारी मुलं, अपंगत्व असलेली मुलं, गरीब घरातली मुलं, यांचे आकडे वेगळे काढून द्या. हे वेगळे आकडे देणं केंद्रीय कायद्यानेच बंधनकारक आहे, आधी २००२ पासून ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’खाली आणि २०१५ नंतर त्याची जागा घेणाऱ्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अ‍ॅक्ट’खाली. आकडे असतात. मागावे लागतात, इतकंच.

टेक्ससने बोर्डांना यात थोडं ढकलूनही पाहिलं आहे. २०१९ च्या ‘हाउस बिल ३’नुसार प्रत्येक बोर्डाला तिसरीअखेरच्या वाचन-गणिताची आणि हायस्कूलनंतरच्या तयारीची पाच वर्षांची उद्दिष्टं ठरवून जाहीर करावी लागतात. शिवाय राज्याचा ‘लोन स्टार गव्हर्नन्स’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे. त्यात बोर्डाला स्वतःच्या बैठकीचा वेळ घड्याळ लावून मोजायला लावतात. अपेक्षा अशी की निदान अर्धा वेळ मुलं काय शिकली यावर जावा. अर्धा वेळ म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण कुठल्याही बोर्डाच्या एका बैठकीचा व्हिडिओ लावून पाहा. सत्कार, शपथा, बसखरेदी, छताची गळती, वकिलांचं बिल, फुटबॉलच्या स्टेडियमचे दिवे. मुलांना वाचता येतं का, हा विषय रात्री साडेदहाला येतो, किंवा येतच नाही.

अर्थात छत आणि बस हेही बोर्डाचंच काम. कारभारावर देखरेख हा त्या खुर्चीचा दुसरा अर्धा भाग. टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. तिथल्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात सहसा सगळ्यात मोठा वाटा शाळांचा असतो. त्यात दोन भाग असतात: एक रोजच्या खर्चाचा, दुसरा कर्जरोखे फेडण्याचा. नवी शाळा बांधायला काढायच्या कर्जरोख्यांना बोर्डाची मंजुरी पुरत नाही, मतदारांचा कौल घ्यावा लागतो. राज्याकडून येणारे पैसे तर पटावर किती मुलं आहेत यावर मिळत नाहीत, रोज सरासरी किती हजर असतात यावर मिळतात. मुलगा लग्नासाठी तीन आठवडे भारतात नेला की शाळेतून एवढे फोन का येतात, याचं एक उत्तर इथे आहे.

पैशांच्या बाबतीत निदान बाहेरचा डोळा असतो. दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण होतं, आणि राज्य प्रत्येक डिस्ट्रिक्टला आर्थिक शिस्तीची श्रेणी देतं. तरी भोकं राहतातच. बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘कन्सेंट अजेंडा’ नावाचा एक भाग असतो. किरकोळ समजलेले पाच-पन्नास विषय त्यात एकत्र बांधून एकाच मताने, चर्चेविना मंजूर होतात. सोय म्हणून ते ठीकच आहे. कुठलाही ट्रस्टी त्यातला एखादा विषय वेगळा काढून चर्चेला मागू शकतो. पण तो काढायचा तर आधी कागद वाचलेला हवा.

ठेक्यांवरची नजर ढळली तर काय होतं हे ह्यूस्टनने पाहिलं आहे. शाळांच्या मैदानांची देखभाल आणि बांधकामाच्या ठेक्यांतल्या लाचखोरीबद्दल २०२१ साली तिथल्या एका माजी वरिष्ठ अधिकाऱ्यावर आणि ठेकेदारावर केंद्रीय सरकारी वकिलांनी आरोप ठेवले. त्याच प्रकरणात बोर्डाच्या एका माजी अध्यक्षांनी गुन्हा कबूल केला. म्हणजे लक्ष ठेवायला बसवलेली व्यक्तीच त्यात होती.

ह्यूस्टनचा विषय निघालाच आहे तर तो पुरता सांगायला हवा, कारण बोर्ड म्हणजे काय हे बोर्ड हरवल्यावर जास्त कळतं.

ह्यूस्टन आयएसडी हे टेक्ससमधलं सगळ्यात मोठं. राज्याने ते ताब्यात घेतलं तेव्हा तिथे दोन लाखांच्या जवळपास मुलं शिकत होती. शहराच्या फिफ्थ वॉर्ड या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत फिलिस व्हीटली हायस्कूल आहे. अमेरिकी काँग्रेसमध्ये गाजलेल्या बार्बरा जॉर्डन आणि मिकी लेलँड या दोघांचीही ही शाळा. अशी परंपरा असलेली शाळा राज्याच्या मूल्यमापनात वर्षामागून वर्ष नापास होत राहिली. २०१५ च्या एका कायद्यात तरतूद होती की एखादी शाळा सलग पाच वर्षं नापास झाली, तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी एक तर ती शाळा बंद करावी किंवा सगळ्या डिस्ट्रिक्टचं बोर्ड बाजूला सारून स्वतःचं मंडळ नेमावं. एका शाळेसाठी पावणेतीनशे शाळांचं बोर्ड जावं, हे टोकाचं वाटतं. पण कायद्यामागचा विचार असा: एवढी वर्षं एक शाळा बुडत असताना बोर्ड काय बघत होतं?

आणि बोर्ड तेव्हा काय बघत होतं? एकमेकांकडे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी एक ठराव आला: हंगामी सुपरिंटेंडंटना हटवून दुसऱ्याला नेमायचं. काहीच दिवसांत बोर्डाला तो मागे घ्यावा लागला. राज्याच्या चौकशीचा निष्कर्ष असा होता की पाच सदस्यांनी बैठकीबाहेर, खासगीत भेटून हे आधीच ठरवलं होतं. टेक्ससमध्ये १९६७ पासून खुल्या बैठकांचा कायदा आहे. बहुमताने गुपचूप भेटून निर्णय पक्का करायचा आणि मग बैठकीत फक्त हात वर करायचे, हे त्या कायद्याच्या मुळावर येतं. वकिलाचा सल्ला, नोकरभरती, जागेचे व्यवहार अशा ठरावीक विषयांवर बंद दाराआड चर्चा करता येते, पण मतदान तिथेही बाहेर येऊनच.

२०१९ मध्ये राज्याने ताबा घेण्याची नोटीस दिली. बोर्ड कोर्टात गेलं, स्थगिती मिळाली, आणि प्रकरण तीन वर्षं लोंबकळलं. मधल्या काळात व्हीटली हायस्कूल सुधारलं, राज्य शाळांना ए ते एफ अशा श्रेणी देतं त्या २०२२ च्या यादीत त्याला ‘सी’ मिळाली. तरी जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती उठवली, आणि १ जून २०२३ ला शिक्षण आयुक्त माइक मोराथ यांनी नेमलेलं नऊ जणांचं ‘बोर्ड ऑफ मॅनेजर्स’ खुर्चीवर बसलं. सुपरिंटेंडंट म्हणून माइक माइल्स आले. ते पूर्वी डॅलसमध्ये होते. निवडून आलेले नऊ ट्रस्टी पदावर राहिले, अधिकार गेले. त्या अधिकारहीन जागांसाठी निवडणुका मात्र ठरल्या वेळी होत राहिल्या.

माइल्स यांनी झपाट्याने बदल केले. मागे पडलेल्या शाळांत ठरीव साच्याचे धडे, रोजच्या छोट्या चाचण्या, आणि शिक्षकांना निकालाशी जोडलेला पगार. त्या शाळांतल्या ग्रंथालयांचं रूपांतर त्यांनी ‘टीम सेंटर’मध्ये केलं, म्हणजे वर्गाबाहेर पाठवलेल्या किंवा धडा लवकर संपवलेल्या मुलांना बसवायच्या खोल्यांत. शहरात सगळ्यात जास्त संताप झाला तो यावर. निकाल मात्र वर गेले. २०२५ च्या यादीत ह्यूस्टनची एकही शाळा ‘एफ’मध्ये नव्हती.

मग राज्याने नेमलेलं बोर्ड चांगलं आणि लोकांनी निवडलेलं वाईट, असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही, आणि कारण पुन्हा तोच पेच. इथे बोर्डही आयुक्तांनी नेमलेलं आणि सुपरिंटेंडंटही आयुक्तांनीच. माहिती देणारा आणि ती तपासणारा एकाच दारातून आलेले. माइल्स यांचे आकडे उलटसुलट करून विचारायला त्या टेबलाशी कोण होतं? निवडून आलेल्या बोर्डात भांडणं फार होती, तिथे भांडणच उरलं नाही. जुन्या बोर्डाचा मी वकील नाही, त्याने आपल्या कर्माने खुर्ची घालवली. पण पालकांकडे पूर्वी एक इलाज होता, पुढच्या निवडणुकीत ट्रस्टीला पाडायचा. आता तो नव्हता.

त्यांनी दुसरा शोधला. नोव्हेंबर २०२४ मध्ये या बोर्डाने ४.४ अब्ज डॉलरचे कर्जरोखे मतदानाला ठेवले. तोवरच्या टेक्ससमधल्या शाळांच्या कर्जरोख्यांत हा सर्वात मोठा प्रस्ताव होता. शाळांच्या इमारतींना पैशांची गरज होती यावर फारसा वाद नव्हता. विरोधकांची घोषणा होती ‘नो ट्रस्ट, नो बॉण्ड’, भरवसा नाही तर रोखे नाहीत. सुमारे ५८ टक्के मतं विरोधात पडली. वर्गातली वातानुकूलन यंत्रं दुरुस्त व्हायची ती राहिली. मतदारांनी योग्य केलं का, यावर ह्यूस्टनमधल्या आपल्या लोकांतही दोन तट आहेत.

शुगरलँड किंवा केटीत राहणाऱ्यांना वाटेल, हे आपल्या आयएसडीचं नाही. खरंय, शुगरलँडचं फोर्ट बेंड आयएसडी आणि केटी हे वेगळे डिस्ट्रिक्ट, त्यांची बोर्डं निवडूनच येतात. पण कायदा सगळ्यांना एकच. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयुक्तांनी फोर्ट वर्थचंही आयएसडी ताब्यात घेण्याची घोषणा केली, तिथेही सुरुवात एका सतत नापास होणाऱ्या शाळेपासून झाली.

आपल्या लोकांचा या बोर्डांशी संबंध चमत्कारिक आहे. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना मत देता येत नाही, पण प्रॉपर्टी टॅक्स त्यांनाही भरावाच लागतो, आणि मुलं त्याच शाळेत जातात. बैठकीत बोलायला मात्र नागरिकत्व लागत नाही. २०१९ पासून टेक्ससमध्ये नियम आहे की विषयपत्रिकेवरच्या विषयावर बोलू इच्छिणाऱ्याला, त्यावर निर्णय होण्याआधी, बोलू द्यावंच लागतं. विषयपत्रिका पूर्वी ७२ तास आधी लावायची असे, २०२५ च्या बदलानंतर तीन कामकाजाचे दिवस आधी. नाव नोंदवायचं, दोन-तीन मिनिटं मिळतात. ट्रस्टी उत्तर देत नाहीत, नुसते ऐकतात. पहिल्यांदा गेलेल्यांना तो अपमान वाटतो. पण विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीवर चर्चा करायला कायद्यानेच मनाई असते, त्यामुळे गप्प बसणं त्यांना भाग असतं.

तक्रार सांगण्यापेक्षा तिथे प्रश्न ठेवणं जास्त उपयोगी पडतं. ‘तिसरीच्या वाचनाचं तुम्हीच ठरवलेलं उद्दिष्ट यंदा गाठलं का, आणि नसेल तर सुपरिंटेंडंटच्या मूल्यमापनात ते कुठे दिसलं?’ एवढा एक प्रश्न नोंदीवर गेला की पुढच्या वेळी कुणीतरी ती स्लाइड घेऊन येतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात ओळखीचं थोडंच सापडेल. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. त्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदावर ही रचना टेक्ससच्या बोर्डापेक्षा लोकांच्या जास्त जवळची आहे. फरक हा की आपल्या समितीला कर लावता येत नाही, शिक्षक नेमता येत नाही, आणि काढता तर त्याहून येत नाही. शाळेच्या विकास आराखड्यावर आणि आलेल्या निधीवर तिने लक्ष ठेवायचं, पण तिचं ऐकलं नाही म्हणून कुणाची खुर्ची जात नाही.

ह्यूस्टनमधला राज्याचा ताबा दोन वर्षांचा होता, तो आता १ जून २०२७ पर्यंत वाढवला आहे. त्यानंतर निवडून आलेले सदस्य टप्प्याटप्प्याने, एका वेळी एक तृतीयांश, परत येतील. पण २०२५ च्याच आणखी एका कायद्याने स्टार परीक्षा बंद होते आहे. २०२७-२८ पासून तिच्या जागी वर्षातून तीन छोट्या चाचण्या येतील. म्हणजे ज्या सुमाराला निवडलेले ट्रस्टी खुर्चीवर परततील, त्याच सुमाराला मोजपट्टी बदललेली असेल. माइल्स यांच्या काळातली वाढ टिकली की गळाली, हे त्यांना जुन्या आणि नव्या आकड्यांची सरळ वजाबाकी करून सांगता येणार नाही. दोन परीक्षांचा मेळ कसा घालायचा हे ठरवणारं कुणीतरी लागेल, आणि तेही बहुधा सुपरिंटेंडंटच्याच कचेरीत बसलेलं असेल.